रेसिडेन्सी दोन असतात: राहण्याची वेगळी, कराची वेगळी

आमच्या सोसायटीतले एक काका गेल्या महिन्यात माझ्याकडे आले. सहकारनगरात आम्ही बावीस वर्षं शेजारी आहोत. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, काकू एका खासगी कंपनीतून. पीएमपीएमएलचा पास ज्या पारदर्शक पाकिटात ठेवतात, त्याच पाकिटातून त्यांनी एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. पोर्तुगालचा निवास परवाना. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "रेसिडेन्सी मिळाली बरं का! म्हणजे आता इथलं रिटर्न भरायचं बंद ना?"

बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकला. घोळ एका शब्दामुळे होतो. राहायची परवानगी मिळाली तरी आपण 'रेसिडेन्सी' म्हणतो आणि तिथले करदाते ठरलो तरी 'रेसिडेन्सी'च म्हणतो. पहिली देतं त्या देशाचं परराष्ट्र किंवा इमिग्रेशन खातं. ती मागावी लागते, तिचं कार्ड किंवा शिक्का मिळतो, मुदत असते. दुसरी कुणी देत नाही आणि ती मागावीही लागत नाही. वर्षात कुठे किती दिवस राहिलात, घर कुठे आहे, यावरून ती आपोआप ठरते. पुष्कळदा ती ठरली आहे हे माणसाला दोन वर्षांनी नोटीस आल्यावर कळतं.

परवान्याच्या बाजूचं गणित तुलनेनं सरळ असतं. सगळे देश साधारण एकच गोष्ट तपासतात: हा माणूस आमच्यावर भार होणार नाही ना? पोर्तुगालचा डी-७ व्हिसा पेन्शन, भाडं, व्याज असं नियमित उत्पन्न तिथल्या किमान वेतनाइतकं आहे का ते पाहतो. २०२५ मध्ये ते महिना ८७० युरो होतं. स्पेनची अपेक्षा बरीच वरची, महिना २,४०० युरो, आणि जोडीदारासाठी आणखी ६००. थायलंडला वय ५० पूर्ण हवं आणि बँकेत ८ लाख बाथ किंवा महिना ६५,००० बाथ उत्पन्न. मलेशियाच्या 'माय सेकंड होम' योजनेत सिल्व्हर गटालाही दीड लाख डॉलरची ठेव आणि घरखरेदी आहे. ही ठेव इथून पाठवताना १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो पुढे रिटर्नमध्ये वळता होतो, पण वीस लाखांहून जास्त रक्कम काही महिने अडकून पडते. निवृत्त माणसानं हे आधीच धरून चालावं.

या अटी इंटरनेटवर सगळीकडे सापडतात, म्हणून लोक देश निवडतात तो त्यांच्यावरूनच. कराची बाजू कुणी फारशी पाहत नाही, आणि खरा खर्च तिथे असतो.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मी आधी सरळ दिलं: रिटर्न बंद होत नाही. तुम्ही भारतासाठी अनिवासी झालात तरी भारतात मिळणारं सरकारी पेन्शन, इथल्या फ्लॅटचं भाडं, इथल्या एफडीचं व्याज यावर भारताचा हक्क राहतोच. सुटतं ते बाहेरचं उत्पन्न. आणि काकांचं बाहेरचं उत्पन्न होतं शून्य.

मग मी त्यांना एक आकडेमोड करून दाखवली, आणि ती पाहून काका बराच वेळ गप्प बसले. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर लागत नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. पण मूळ स्लॅबनुसार १२ लाखांवर ६०,००० रुपये कर होतो, आणि तो जुन्या कायद्यात ८७-अ कलमात असलेल्या सवलतीनं माफ होतो. ही सवलत फक्त रहिवाशांना आहे. अनिवासी माणसाला त्याच १२ लाखांवर सेस धरून ६२,४०० रुपये भरावे लागतात. शिवाय एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यातल्या व्याजावर ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापला जातो. जास्त कापला गेलेला परत मिळवायचा तर रिटर्न भरावंच लागतं. म्हणजे ज्याचं सगळं उत्पन्न पुण्यात आहे, त्याला अनिवासी होऊन भारतातला कर कमी होण्याऐवजी वाढू शकतो.

आता दिवसांकडे येऊ. परवाना आणि कर, दोघंही दिवस मोजतात, पण उलट्या बाजूंनी. परवाना म्हणतो, निदान इतके दिवस इथे राहा, नाहीतर मी रद्द होईन. कर म्हणतो, इतके दिवस राहिलात तर तुम्ही माझे. पोर्तुगालचं पहिलं कार्ड दोन वर्षांचं. त्या दोन वर्षांत सलग सहा महिने किंवा मिळून आठ महिने बाहेर राहिलं तर ते धोक्यात येतं. कार्ड टिकवायचं तर दोन वर्षांतले सोळा महिने तिथे घालवायला हवेत. पण कोणत्याही बारा महिन्यांत १८३ हून जास्त दिवस राहिलात की तुम्ही पोर्तुगालचे करदाते, आणि मग तुमचं जगभरातलं उत्पन्न तिथे दाखवावं लागतं. तिथले दर ४८ टक्क्यांपर्यंत चढतात. कार्ड सांभाळणारा माणूस करातून सुटत नाही, हे गणित मांडलं की स्वच्छ दिसतं.

पोर्तुगालबद्दल अजून एक. बाहेरून येणाऱ्या पेन्शनरांना १० टक्के सपाट कर लावणारी तिथली सवलत नव्या लोकांसाठी २०२४ पासून बंद झाली. जुने व्हिडिओ मात्र अजून फिरतात, आणि काकांनीही तसाच एक पाहिला होता. दुसरं म्हणजे तिथे बँक खातं उघडण्यासाठी आधीच 'निफ' हा करक्रमांक काढावा लागतो. क्रमांक मिळाला म्हणजे आपण तिथले करदाते झालो असं काहींना वाटतं. निफ हा आपल्या पॅनसारखा नुसता क्रमांक आहे.

प्रत्येक देशाचं वर्षही निराळं. थायलंड जानेवारी ते डिसेंबरमधले १८० दिवस मोजतो, पोर्तुगाल कोणतेही बारा महिने, भारत एप्रिल ते मार्च. मी लोकांना भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून दोन रंगांची पेनं घ्यायला सांगते. पासपोर्टवरचे शिक्के समोर ठेवून दिवस रंगवले की डोक्यातला अंदाज किती चुकीचा होता ते लगेच कळतं.

भारताच्या मोजणीत एक जागा फार फसवी आहे. सगळ्यांना १८२ हा आकडा माहीत असतो. पण मूळ नियमात दुसरा भाग आहे: त्या वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असलात, तरी तुम्ही रहिवासी. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकाला त्या वर्षापुरते ६० ऐवजी १८२ दिवस मिळतात. निवृत्त होऊन जाणारा नोकरीसाठी जात नाही, म्हणून त्याला ही सूट नाही. १ एप्रिलपासून मोजलं तर ३० मे हा साठावा दिवस.

माझ्या ओळखीचं एक जोडपं मलेशियात पेनांगला स्थायिक व्हायला निघालं. तिकीट मेमधलं होतं. हापूस संपेपर्यंत थांबू, नातवंडांच्या शाळा सुरू झाल्या की जाऊ, असं करत ते जूनच्या मध्यात निघाले. १८२ दिवस व्हायला वेळ आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते पूर्ण वर्ष त्यांना भारताचे रहिवासी म्हणून काढावं लागलं. मलेशियातल्या ठेवीचं व्याज इथल्या उत्पन्नात धरलं गेलं, आणि तिथलं खातं रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या रकान्यात भरावं लागलं. एका पंधरवड्याचा फरक, आणि पेट्या तर मेमध्येच भरून तयार होत्या.

पुढच्या वर्षांत, बाहेर राहून नुसतं भेटीला येणाऱ्या नागरिकाला १८२ दिवसांच्या आत राहण्याची मुभा आहे. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर मात्र १२० दिवस. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या कायद्यानं घेतली, पण दिवसांचं हे गणित कायम ठेवलं आहे.

आता उलटं उदाहरण, जे पुण्यात घरोघरी आहे. मुलगी न्यू जर्सीत, मुलगा सिअ‍ॅटलला, आणि आईबाबा दरवर्षी सहा महिने तिकडे. हातात फक्त व्हिजिटर व्हिसा. राहण्याची रेसिडेन्सी नाही, म्हणून कराचा विचारही मनात येत नाही. पण अमेरिकेचा कर व्हिसाचं नाव विचारत नाही. चालू वर्षातले सगळे दिवस, मागच्या वर्षातल्या दिवसांचा तिसरा हिस्सा आणि त्याआधीच्या वर्षातल्यांचा सहावा हिस्सा, ही बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षात निदान ३१ दिवस तिथे असलात, तर तुम्ही तिथले करनिवासी. दरवर्षी १८० दिवस राहिलं तर १८० अधिक ६० अधिक ३०, म्हणजे २७०. दरवर्षी १२० दिवस राहिलं तर बेरीज १८०, म्हणजे थोडक्यात बाहेर. चालू वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस असतील आणि घर, संसार, आपली माणसं भारतात असतील, तर ८८४० क्रमांकाचा फॉर्म भरून सूट मागता येते. तो भरावा लागतो, हे मात्र मुलांनाही बहुधा ठाऊक नसतं.

ग्रीन कार्ड हा या सगळ्यातला मोठा अपवाद. तिथे दोन्ही रेसिडेन्सी एकाच कार्डात येतात. कार्ड हातात असेपर्यंत, दिवस कितीही कमी असोत, तुम्ही अमेरिकेचे करदाते. मुलगा नागरिक झाला की प्रेमानं आईवडिलांसाठी अर्ज करतो, आणि आईवडीलही प्रेमानं सही करतात. मग पीपीएफचं इथे करमुक्त असलेलं व्याज तिथे दाखवावं लागतं, इथल्या म्युच्युअल फंडांना तिथे किचकट आणि महागडे नियम लागतात, आणि परदेशातल्या खात्यांतली मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याचा वेगळा अहवाल द्यावा लागतो. सही करण्याआधी मुलांशी या एकाच विषयावर निवांत बसून बोलावं, असं मी कळकळीनं सांगते. कार्ड घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. नातवंडांजवळ राहण्याची किंमत करात मोजता येत नाही, पण काय घेतोय ते माहीत असावं.

थायलंडमध्ये व्हिसाचं आणि कराचं, अशी दोन सरकारी खाती एकमेकांना छेद देतात. उत्पन्न दाखवून व्हिसा वाढवायचा तर दरमहा बाहेरून पैसे आणून दाखवावे लागतात. आणि १ जानेवारी २०२४ पासून, १८० दिवस राहणाऱ्यानं त्यानंतर कमावलेलं बाहेरचं उत्पन्न देशात आणलं की त्यावर कर लागू शकतो. म्हणून बँकेत एकरकमी ८ लाख बाथ ठेवणारे, किंवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच चिआंग मायला राहणारे लोक भेटतात. त्या दुसऱ्यांचा व्हिसा वर्षभर चालू असतो आणि कराच्या दृष्टीनं ते पुण्याचेच असतात.

दुबईबद्दल थोडक्यात. तिथे व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नाही हे खरं. पण भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असलेला आणि दुसऱ्या कुठल्याच देशात कराला पात्र नसलेला नागरिक २०२० पासून भारताचा रहिवासी मानला जातो. तिथल्या व्याजावर त्यामुळे लगेच कर बसत नाही, कारण त्याला 'सामान्यतः रहिवासी नसलेला' धरतात. तरी आपण कुठलेच नाही, हे म्हणणं आता टिकत नाही.

दोन्ही देशांनी तुम्हाला आपलं म्हटलं तर? मग दोन देशांतला करार उघडतात, आणि त्यात पहिला प्रश्न असतो, कायमचं घर कुठे आहे. सहकारनगरातला फ्लॅट कुलूप लावून, किल्ली शेजारी ठेवून गेलात तर तो तुमच्यासाठी उपलब्ध आहे, म्हणजे घर दोन्हीकडे. मग जिव्हाळ्याचे संबंध, माणसं आणि पैसा कुठे हे पाहतात, मग सवयीचं वास्तव्य, मग नागरिकत्व. तोच फ्लॅट भाडेकराराने दिला असेल तर पहिल्याच प्रश्नाचं उत्तर बदलतं. पेन्शनचंही तसंच: बहुतेक करारांत सरकारी पेन्शनवर ते देणाऱ्या देशाचा हक्क असतो, तर खासगी पेन्शनवर राहत्या देशाचा. काका-काकूंच्या एकाच घरात दोन पेन्शनना दोन नियम लागू होतात, हे ऐकून काकूंनी वही मागितली.

बँकेतला 'रहिवासी' आणखी निराळा. परकीय चलनाचा फेमा कायदा बाहेर जाण्यामागचा हेतूही बघतो. अनिश्चित काळासाठी निघालात तर बचत खातं एनआरओ करावं लागतं. पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही.

काकू वहीत सगळं लिहून घेत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "गणपतीला यायचं तर किती दिवस मिळतील?" मी कालनिर्णय उघडलं. २०२६ ला गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. दोन्ही सण धरून भाऊबीजेपर्यंत साधारण दोन महिने. पोर्तुगालच्या कार्डाला चालतील, भारताच्या १२० दिवसांतही बसतील. काकूंनी ते दिवस हिरव्या पेननं रंगवले, आणि काकांनी वहीच्या मागच्या पानावर आपली एफडी, भाडं आणि पेन्शन मांडायला घेतलं.