घाट उतरताना गाडी चार्ज होते, म्हणजे नेमकं काय होतं?

मडगावच्या एका ऑटो शोमध्ये विजेवरच्या नव्या गाडीभोवती चांगलीच गर्दी होती. कोणी दार उघडून बंद करत होतं, कोणी डॅशबोर्डवरच्या लांबलचक पडद्यावर बोट फिरवत होतं. सत्तरी तालुक्यातून आलेल्या एका काकांनी मात्र विक्रेत्याला थेट मुद्द्याचं विचारलं, "चाकांना डायनामो का नाही बसवत हो? गाडी पळेल तशी चार्ज होत राहील, प्लगची कटकटच नको." विक्रेता म्हणाला, "आहे ना काका, घाट उतरताना गाडी आपोआप चार्ज होते!" काका खूश झाले. प्रश्न चांगला होता, उत्तरही खोटं नव्हतं. पण दोन्ही मिळून ऐकणाऱ्यांच्या डोक्यात जे चित्र तयार झालं असणार, ते साफ चुकीचं होतं आणि तेच खोडायला हा लेख.

गाडी देखणी होती, यात वाद नाही. बॅटरी तळाशी असल्यामुळे आतली जमीन सपाट, मधला बोगद्यासारखा उंचवटा गायब, बॉनेटखाली आश्चर्य वाटावं इतकी मोकळी जागा. पण माझे पाय खिळले ते शेजारच्या टेबलापाशी. तिथे मोटर अर्धी कापून ठेवली होती. बाहेरच्या कड्यात तांब्याच्या चपट्या पट्ट्या इतक्या गच्च बसवलेल्या की मध्ये नख शिरणार नाही. आतल्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, पातळ पोलादी पत्रे एकाला एक चिकटून रचलेले आणि त्यांच्या खाचांत व्ही आकारात बसवलेली निओडिमियमची चुंबकं. कार्बन ब्रश नाहीत. हीच मोटर गाडी ओढते आणि हीच डायनामो होते. काकांना हवा असलेला डायनामो गाडीत आधीच आहे; तो कधी वापरायचा, एवढाच प्रश्न.

तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवलं की वेटोळ्यात वीज वाहते, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. १८३४ मध्ये लेंझने त्यात कळीची भर घातली. ज्या हालचालीमुळे ही वीज निर्माण होते, त्या हालचालीलाच ती विरोध करते. जुन्या सायकलीचा डायनामो ज्यांनी वापरलाय त्यांना हे पायांनी ठाऊक आहे: दिवा लागला की पेडल जड होतं. सपाट रस्त्यावर धावत्या गाडीला डायनामो जोडला तर तो गाडीला मागे खेचणार. वेग टिकवायचा तर मोटरला बॅटरीतून तेवढीच वीज जास्त घ्यावी लागणार, आणि या देवाणघेवाणीत तारा तापून काही वाया जाणार ते वेगळंच. मिळालं त्यापेक्षा खर्च नेहमीच जास्त. 'कधीच चार्ज करावी न लागणारी गाडी' असे व्हिडिओ दर महिन्याला व्हॉट्सअॅपवर फिरतात. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आजवर कोणी मोडलेला नाही, आणि तो नववीच्या पुस्तकात आहे. शिकलेली माणसं असे व्हिडिओ पुढे ढकलतात याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मग डायनामो वापरायचा कधी? जेव्हा गाडीला मागे खेचणं आपल्याला हवंच असतं तेव्हा. म्हणजे ब्रेक लावताना. यालाच रीजनरेटिव्ह ब्रेकिंग किंवा नुसतं 'रीजन' म्हणतात.

यातली कारागिरी इन्व्हर्टरची, म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्यामधल्या इलेक्ट्रॉनिक पेटीची. बॅटरीतली डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज सहा इलेक्ट्रॉनिक स्विचांमधून जाते, ते सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करतात आणि तांब्याच्या तीन गुंडाळ्यांमध्ये वीज अशा क्रमाने सोडतात की कड्यात एक फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. रोटर कोणत्या कोनात आहे हे एक सेन्सर सतत कळवत असतो. क्षेत्र रोटरच्या थोडं पुढे ठेवलं की चुंबकं त्याच्यामागे ओढली जातात आणि गाडी पळते. अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की संगणक तेच क्षेत्र रोटरच्या थोडं मागे आणतो. आता चुंबकं मागे खेचली जातात, चाकं मंदावतात आणि वीज उलटी बॅटरीकडे वाहू लागते. क्लच नाही, गिअर नाही, कुठलाही दांडा सरकत नाही. बदलते फक्त स्विचांची वेळ.

आता यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. बॅटरी असते साधारण ३०० ते ४०० व्होल्टची. गाडी ताशी ३० किलोमीटरने घाट उतरत असते तेव्हा मोटरमध्ये तयार होणारा व्होल्टेज त्याहून बराच कमी असतो. मग कमी व्होल्टेजची वीज जास्त व्होल्टेजच्या बॅटरीत शिरते कशी? त्यासाठी वेगळं यंत्र नाही. ते काम त्याच तांब्याच्या गुंडाळ्या करतात. गुंडाळी म्हणजे इंडक्टर, आणि इंडक्टर आपल्यातला प्रवाह एकाएकी बदलू देत नाही. इन्व्हर्टर आधी खालच्या बाजूचे स्विच जोडून गुंडाळ्यांची टोकं एकमेकांना भिडवतो. हे शॉर्ट सर्किटच, पण मायक्रोसेकंदांत मोजावं इतक्या वेळापुरतं. फिरत्या चुंबकांमुळे गुंडाळीत प्रवाह चढतो आणि ऊर्जा तिच्या चुंबकीय क्षेत्रात साठते. मग स्विच उघडतो. प्रवाहाची वाट बंद झाली, पण गुंडाळी त्याला थांबू देत नाही. तो वाहता ठेवण्यासाठी ती आपल्या टोकांवरचा व्होल्टेज चढवत नेते. तो बॅटरीच्या वर गेला की वरच्या डायोडमधून (हा वीज एकाच दिशेने जाऊ देतो) प्रवाह बॅटरीत घुसतो. स्विच पुन्हा जोडायचा, पुन्हा उघडायचा. जोडून ठेवण्याचा वेळ किंचित कमीजास्त केला की ब्रेक कमीजास्त लागतो. नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांत स्टिअरिंगमागे रीजन वाढवण्या-घटवण्याच्या पट्ट्या असतात. त्या दाबल्या की तुम्ही ब्रेक किती जोरात लागावा ते ठरवता, आणि तो जोर येतो या उघडमिटीच्या वेळेतून.

विक्रेत्याच्या वाक्याचा आता हिशोब करू. चोर्ला घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. बेळगावकडून गोव्यातल्या केरीकडे येताना समजा आपण ७०० मीटर उतरलो, आणि माणसांसकट गाडी १६०० किलोची. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची, म्हणजे जवळपास १ कोटी १० लाख जूल. विजेचं एक युनिट ३६ लाख जूलचं, तेव्हा ही झाली सुमारे ३ युनिट. उतरण १५ किलोमीटरची आणि वेग ताशी ४० धरला तर टायरचा आणि हवेचा विरोध यांत पाऊण-एक युनिट जातं. उरलेल्यातलं काही मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरी तापवण्यात जातं. पायथ्याशी हातात राहतं साधारण दीड युनिट. सपाट रस्त्यावर अशी गाडी किलोमीटरला ०.१५ युनिट खाते असं धरलं तर हे झालं दहा किलोमीटरचं चार्जिंग. आणि तोच घाट चढताना साडेचारच्या आसपास युनिट गेलेली असतात. घाट काही फुकट देत नाही, दिलेल्यातलं थोडं परत करतो. पण पेट्रोलच्या गाडीत ते थोडंही परत मिळत नाही. अनमोड घाटात भरलेल्या ट्रकमागे उतरताना ब्रेकचे लायनर जळाल्याचा जो उग्र वास येतो, तो या न मिळालेल्या युनिटांचाच.

ओघात एक सांगायलाच हवं. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून घाट उतरणारे आजही भेटतात. इंधन इंजेक्शनची आधुनिक गाडी गिअरमध्ये ठेवून, पाय उचलून उतरली तर इंजिनाला इंधन मिळणंच बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते सुरू ठेवायला पेट्रोल जळत राहतं. म्हणजे बचत नाहीच, वर सगळा भार ब्रेकवर. आणि बंपरला बांधलेली लिंबूमिरची तापलेले ब्रेक थंड करत नाही.

ही युक्ती नवी नाही. १९२८ पासून जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या बोर आणि थळ घाटांत 'खेकडा' म्हणून ओळखली जाणारी विजेची इंजिनं आली, त्यांच्यातही रीजनरेटिव्ह ब्रेकिंग होतं. त्यांच्याकडे बॅटरी नव्हती; उतरणारं इंजिन वीज वरच्या तारेत परत सोडायचं. आज गोव्याच्या कदंब परिवहनच्या विजेवरच्या बसगाड्यांना याचा फायदा घाटाशिवायही होतो, कारण जड गाडी आणि थोड्याथोड्या अंतरावर थांबे.

मर्यादा आहेत, आणि त्या विक्रेत्याने सांगायला हव्या होत्या. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तिच्यात वीज घ्यायला जागाच नसते, मग रीजन क्षीण होतं. म्हणून ज्यांचा प्रवास घाटमाथ्यावरून खाली सुरू होतो त्यांनी १०० टक्के चार्ज करून निघू नये. गाडी अगदी थांबत येते तेव्हाही रीजन उपयोगाचं राहत नाही. पावसात चाक घसरू लागलं तर गाडी स्वतःच ते कमी करते. या सगळ्या वेळी साधे ब्रेकच लागतात.

आणि रोज रीजनवरच गाडी थांबत असेल तर हे साधे ब्रेक फारसे वापरलेच जात नाहीत. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत, त्यातही आषाढ-श्रावणात, न घासलेल्या डिस्कवर गंज झपाट्याने चढतो. फोक्सवॅगनने आपल्या आयडी.३ आणि आयडी.४ या विजेवरच्या गाड्यांना मागे बंदिस्त ड्रम ब्रेक दिले. ड्रम आतून झाकलेला असल्यामुळे गंजापासून बराच वाचतो. डिस्कवाल्यांनी पावसाळ्यात अधूनमधून, मागे गाडी नाही असं बघून, रीजन शून्यावर आणावं आणि ब्रेकचं पेडल दोन-चार वेळा नीट दाबावं. पॅड वरचा गंज खरवडून काढतात.