जिमखाना (शब्द)

जिमखाना हा इंग्रजी शब्दकोशांत रुळलेला, पण हिंदुस्थानात घडलेला जोडशब्द आहे. खेळांची सोय असलेली सार्वजनिक जागा, हा त्याचा मूळ अर्थ.

हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशात त्याची नोंद आहे. १८६१ मध्ये रुडकीला निघालेला जिमखाना हा कोशकारांना सापडलेला सर्वांत जुना दाखला. शब्द मात्र मुंबई इलाख्यात बनवला गेला असावा, असा त्यांचा कयास. रॅकेट खेळण्याच्या कोर्टाला हिंदीत ‘गेंदखाना’ म्हणत. साहेबाच्या तोंडी ‘गेंद’चे ‘जिम’ झाले, कारण जिम्नॅस्टिक्स हा शब्द त्याच्या ओळखीचा होता. ‘खाना’ म्हणजे घर, हे फारसी पद तसेच राहिले. गंमत अशी की ‘जिम’च्या मुळाशी ‘नग्न’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, कारण ग्रीक तरुण व्यायाम विवस्त्र करीत. पोशाखाचे नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या क्लबांना हे नाव मिळावे, हा योगायोगच.

भारतात शब्दाने जागेचा अर्थ धरून ठेवला. १८७५ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना सुरुवातीला फक्त युरोपियनांचा होता. पुढे मरीन ड्राइव्ह झाला त्या किनाऱ्यालगत पारशी, हिंदू आणि इस्लाम जिमखाने उभे राहिले. मुंबईचे क्रिकेट धर्मवार संघांत खेळले जाई, त्याचा हा मैदानी नकाशाच. भारतातला पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्याच मैदानावर झाला आणि तिथे लाला अमरनाथ यांनी भारताचे पहिले कसोटी शतक झळकावले.

पुण्यात तर शब्दाने गावच वसवले. डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ ची. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्याच्या खटपटीत तिचा आणि तिचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांचा मोठा वाटा होता. पुढे भोवतालची वस्ती, बसथांबा आणि आता मेट्रो स्थानकही त्याच नावाने ओळखले जाते. बोलण्यात जिमखाना गळून नुसते ‘डेक्कन’ उरले. ‘डेक्कनला भेटू’ म्हणणाऱ्याच्या मनात दख्खनचे पठार नसते.

इंग्लंडमध्ये उलट झाले. तिथे घर गेले आणि खेळ उरला: जिमखाना म्हणजे एक दिवसाची स्पर्धा, मुख्यतः तट्टांवर बसलेल्या मुलांची. खांबांमधून वळणे घेत धावणे, तट्टावरून चमचा-अंडे असे तिचे प्रकार. अमेरिकेत पिंपांना वळसा घालून घोडा दामटतात. घोड्याची जागा मोटारीने घेतल्यावर अडथळ्यांभोवती गाडी वळवण्याच्या शर्यतीलाही हेच नाव मिळाले. जपानमध्ये हा खेळ लोकप्रिय आहे. तिथे कोणताही ‘खाना’ दिसत नाही.

मराठीला शब्द परका वाटलाच नाही. कारखाना, दवाखाना, तोफखाना यांच्या पंक्तीत तो बसला आणि ‘जिमखान्यात’, ‘जिमखान्यावर’ असा चालूही लागला. कॉलेजात त्याचा अर्थ आणखी आटोपशीर: कॅरम आणि टेबल टेनिसची खोली, आणि खेळा न खेळा, फीच्या पावतीवर भरावी लागणारी ‘जिमखाना फी’.