अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या स्वाक्षऱ्या : संग्रह आणि पारख

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी स्वहस्ते सही केलेली पत्रे, हुकूम, सनदा, धनादेश, छायाचित्रे व कार्डे जमवण्याचा छंद आणि त्याभोवती उभा राहिलेला व्यापार. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या छंदाने अमेरिकेत मूळ धरले. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यापासून प्रत्येक राष्ट्राध्यक्षाची निदान एक सही आपल्याकडे असावी, ही संग्राहकाची पहिली हौस असते. पुढे हात बसला की तो नुसत्या सहीवर समाधान मानत नाही. पदावर असताना केलेली सही, मग पदावर असताना लिहिलेले पत्र, मग ते पत्रही महत्त्वाच्या विषयावरचे, अशी मागणी चढत जाते आणि किंमतही.

या छंदाचे अमेरिकेतले आद्य पुरुष म्हणजे विल्यम स्प्रेग (1795–1876). पुढे ते ऑल्बनी येथे धर्मोपदेशक झाले; पण तरुणपणी ते व्हर्जिनियात वॉशिंग्टन यांचे भाचे लॉरेन्स लुईस यांच्या घरी मुलांना शिकवत होते. वॉशिंग्टन यांचे दप्तर तेव्हा त्यांचे पुतणे, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बुशरॉड वॉशिंग्टन यांच्या ताब्यात होते. हवी ती पत्रे घेऊन जा, फक्त प्रत्येकाची नक्कल करून जागेवर ठेवा, अशी मोकळीक त्यांनी या शिक्षकाला दिली. स्प्रेग यांनी सुमारे दीड हजार पत्रे नेली. मजकूर राहिला म्हणजे सगळे राहिले, असा त्या काळचा समज होता; मूळ कागदाचे मोल फार थोड्यांना कळले होते आणि स्प्रेग त्यांतले एक.

त्याच दप्तराची दुसरी कथा इतकी सुखाची नाही. वॉशिंग्टन यांच्या लेखनाचे संपादन करण्यासाठी इतिहासकार जेरेड स्पार्क्स यांनी ही कागदपत्रे मागून घेतली. त्यांत 1789 मधल्या पहिल्या शपथविधीसाठी तयार केलेला, पण न वापरलेला साठाहून अधिक पानांचा खर्डा होता, आणि तो वॉशिंग्टन यांच्याच अक्षरात होता. हे भाषण छापण्याजोगे नाही, याबद्दल स्पार्क्स यांनी जेम्स मॅडिसन यांचे मत घेतले, ते अनुकूल पडले आणि मग स्पार्क्स यांनी त्या खर्ड्याला कात्री लावली. कोणी वॉशिंग्टन यांचे हस्ताक्षर मागितले की एक पान, कधी काही ओळींची पट्टी काढून द्यायची. ते तुकडे आजही अधूनमधून लिलावात येतात आणि अभ्यासक ते जुळवत बसतात. स्पार्क्स पुढे हार्वर्डचे अध्यक्ष झाले, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. पत्राच्या तळची सही कापून वहीत चिकटवण्याची रीत त्या पिढीत सर्रास होती. अशा ‘कापीव’ सह्या बाजारात सर्वांत स्वस्त असतात. मालिका पुरी करणाऱ्या नवख्यांचा पहिला वॉशिंग्टन बहुधा असाच येतो.

राष्ट्राध्यक्षांच्या सह्या इतक्या संख्येने शिल्लक राहिल्या त्या कोणी मागितल्या म्हणून नव्हे. सही करणे हे त्या पदाचे रोजचे, कंटाळवाणे काम होते. सैन्यातल्या आणि नौदलातल्या अधिकाऱ्यांच्या नेमणुकीची सनद चर्मपत्रावर, वर गरुडाचे कोरीव चित्र आणि खाली राष्ट्राध्यक्षांची सही. अर्धवट छापलेला आणखी एक कागद बाजारात वारंवार दिसतो. अमुक दस्तऐवजावर संयुक्त संस्थानांची मुद्रा उठवावी, असा परराष्ट्रमंत्र्यांना दिलेला तो हुकूम. छापील ओळीत मोकळ्या सोडलेल्या जागी कारकुनाने काय भरले आहे, यावर त्याचा भाव ठरतो. तिथे एखाद्या वकिलातीची नेहमीची पत्रे असतील तर तो साधा कागद. माफीनामा असेल आणि गुन्हेगार नावाजलेला असेल तर गोष्ट वेगळी.

जहाजांचे परवाने हा सर्वांत देखणा प्रकार. समुद्रावर निघालेल्या अमेरिकी व्यापारी जहाजाजवळ राष्ट्राध्यक्षांच्या सहीचे पत्र असे, आणि फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रजी व डच अशा चार भाषांत तोच मजकूर शेजारी शेजारी छापलेला असे. कोरे नमुने आधीच सही करून बंदरांतल्या जकात अधिकाऱ्यांकडे पाठवले जात, जहाजाचे व कप्तानाचे नाव तिथे भरले जाई. भूमध्य समुद्रात जाणाऱ्या जहाजांसाठी वेगळा परवाना होता. हे चर्मपत्र हातात घेतले तर त्याची वरची कड नागमोडी कापलेली दिसते. कापून काढलेला वरचा भाग उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या, जहाजे पकडणाऱ्या सत्तांकडे पोचवलेला असे. जहाज अडवले की दोन्ही कडा जुळवून पाहायच्या. अक्षरओळख नसलेल्या खलाशालाही खरे-खोटे करता येईल अशी ही व्यवस्था होती. कड अखंड नाही म्हणून हा कागद फाटका समजणारा गिऱ्हाईक अजूनही भेटतो.

जमिनीच्या सनदांनी मात्र अनेकांना फसवले आहे. सरकारी जमीन विकत घेणाऱ्याला राष्ट्राध्यक्षांच्या सहीची सनद मिळे. पश्चिमेकडे वस्ती वाढली तसा सनदांचा ढीग इतका झाला की 1833 च्या कायद्याने या सह्यांसाठी वेगळा सचिव नेमण्याची परवानगी देण्यात आली. अँड्र्यू जॅक्सन यांच्या नावाने त्यांच्या पत्नीचे भाचे अँड्र्यू जॅक्सन डोनल्सन सह्या करू लागले. सनदेवर राष्ट्राध्यक्षांचे नाव ठळक असते, खाली बारीक अक्षरात ‘सचिवामार्फत’ असे आणि सचिवाची सही. ती दुसरी ओळ वाचली नाही तर काही डॉलरच्या कागदाला माणूस शेकडो डॉलर मोजून बसतो. 1833 नंतरच्या जमीन सनदेवर राष्ट्राध्यक्षांची खरी सही शोधण्यात अर्थ नाही, हा नियम या क्षेत्रात पहिल्याच दिवशी शिकवला जातो.

किंमत ठरवताना व्यापारी सर्वप्रथम तारीख पाहतात. विल्यम हेन्री हॅरिसन हे याचे टोकाचे उदाहरण. सैन्याधिकारी, प्रादेशिक गव्हर्नर म्हणून त्यांनी आयुष्यभर कागद रंगवले आणि ते आजही मिळतात. राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांना 4 मार्च ते 4 एप्रिल 1841 एवढाच काळ लाभला. या एका महिन्यातला कागद साऱ्या मालिकेत सर्वांत दुर्मीळ, आणि हॅरिसन यांनी त्या पदावर काय केले याच्याशी त्याच्या किमतीचा काडीचा संबंध नाही. जेम्स गारफील्ड यांचेही तसेच. 2 जुलै 1881 रोजी त्यांना गोळी लागली, 19 सप्टेंबरला ते गेले आणि मधल्या काळात आरोपी-प्रत्यार्पणाच्या एका कागदाखेरीज सरकारी काम त्यांच्या हातून झाले नाही. उलट फिलमोर, पिअर्स, ब्युकॅनन यांची पत्रे साध्या पगारदारालाही परवडतात.

तारखेनंतर मजकूर. इथे लिंकन आणि वॉशिंग्टन यांच्या जवळपास कोणी येत नाही. वॉशिंग्टन यांनी पदाच्या पहिल्या वर्षी स्वतःजवळ ठेवलेली संविधान व काँग्रेसच्या कायद्यांची छापील प्रत 2012 मध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात सुमारे 98 लाख डॉलरना गेली. तिच्यावर त्यांची सही होती. पण बोली चढवली ती समासातल्या टिपांनी. राष्ट्राध्यक्षाची कर्तव्ये सांगणाऱ्या कलमांशेजारी त्यांनी पेन्सिलीने कंस काढून ‘राष्ट्राध्यक्ष’, ‘आवश्यक’ असे शब्द लिहून ठेवले होते. नवीनच निर्माण झालेल्या पदावर बसलेला माणूस आपले काम काय ते वाचून पाहतो आहे! ही प्रत माउंट व्हर्नन या त्यांच्या घराची देखभाल करणाऱ्या संस्थेने घेतली. गुलाम मुलांना मुक्त करा, अशी विनंती मुलांनी पाठवली होती. तिला उत्तर म्हणून लिंकन यांनी 1864 मध्ये लिहिलेले पत्र 2008 साली सदबीज या लिलावगृहात 34 लाख डॉलरना विकले गेले. गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याच्या 48 प्रती 1864 मध्ये छापून, लिंकन यांच्या सह्या घेऊन फिलाडेल्फियात सैनिकांच्या मदतीसाठी भरलेल्या जत्रेत दहा-दहा डॉलरना विकायला ठेवल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे बंधू रॉबर्ट यांच्याकडे असलेल्या प्रतीला 2010 मध्ये 37 लाखांहून अधिक डॉलर आले.

लिंकन यांचे स्वस्तातले हस्ताक्षर हवे असेल तर संग्राहक शेरे शोधतात. युद्धकैद्यांच्या नातेवाइकांचे अर्ज येत, लिंकन ते पाठीमागे उलटवून दोन ओळी लिहीत: या माणसाने 8 डिसेंबर 1863 ची (म्हणजे त्या दिवशीच्या जाहीरनाम्यातली एकनिष्ठेची) शपथ घ्यावी आणि त्याला सोडावे. खाली ‘ए. लिंकन’ आणि तारीख. पूर्ण ‘अब्राहम लिंकन’ ही सही त्यांनी सरकारी दस्तऐवजांसाठी राखून ठेवली होती. खासगी पत्रावर पूर्ण नाव दिसले तर जाणकार भुवया उंचावतो.

सही खरी असली तरी ती हाताचीच असेल असे नाही. टॉमस जेफरसन 1804 पासून दोन लेखण्या एकमेकींना जोडलेले यंत्र वापरत. एक लेखणी त्यांच्या हातात, दुसरी शेजारच्या कागदावर त्याच वेळी तेच उमटवी. दोन्ही प्रती त्यांच्याच हाताच्या हालचालीने झाल्या, त्यामुळे बाजार यात खोट काढत नाही. अँड्र्यू जॉन्सन यांचा उजवा हात 1857 च्या रेल्वे अपघातात जायबंदी झाला होता. त्यांच्या कित्येक कागदांवर सहीचा शिक्का आढळतो आणि त्याचा भाव अर्थातच कमी. वुड्रो विल्सन यांची ऑक्टोबर 1919 च्या पक्षाघातानंतरची सही इतकी थरथरती आहे की तारीख झाकूनही काळ सांगता येतो.

जॉन केनेडी हा तर पारखींचा छळच. त्यांची स्वतःची सही दर वेळी वेगळी, अनेकदा नुसती रेघोटी. त्यांच्या नावाने सचिव सह्या करत, आणि त्यात भर म्हणून ऑटोपेन, म्हणजे नमुन्याच्या साच्यावरून खऱ्या पेनाने सही उमटवणारे यंत्र. ते ओळखायची युक्ती सोपी आहे: दोन सह्या एकमेकींवर धरून उजेडात पाहायच्या. तंतोतंत जुळल्या तर दोन्ही यंत्राच्या, कारण माणसाचा हात तीच सही दुसऱ्यांदा काढू शकत नाही. शिवाय यंत्राचा दाब सगळीकडे सारखा असतो आणि रेघेच्या सुरुवातीला व शेवटी पेन टेकल्याचे ठिपके दिसतात. 2011 मध्ये बराक ओबामा फ्रान्समध्ये असताना एका कायद्यावर ऑटोपेनने सही झाली. म्हणजे जी सही कायदा करायला चालते, ती संग्राहकाला चालत नाही. या बाबतीत त्याचा निकष सरकारपेक्षा कडक आहे.

बनावटगिरी छंदाइतकीच जुनी. फिलाडेल्फियाचा पुस्तकविक्रेता रॉबर्ट स्प्रिंग (1813–1876) वॉशिंग्टन यांचे धनादेश आणि युद्धकाळातले चौकी ओलांडण्याचे परवाने बनवी. जुन्या पुस्तकांची कोरी पाने काढायची, कॉफीने कागद पिवळा करायचा, आणि माल शक्यतो अमेरिकेबाहेर खपवायचा, जिथे तुलनेला खरा कागद नाही. विसाव्या शतकात जोसेफ कोझी याने लिंकन यांचे शेरे तयार केले. अक्षर हुबेहूब, शाईही जुन्यासारखी तपकिरी. पण खऱ्या सहीत लिंकन यांची अक्षरे पायरी-पायरीने वर चढत जातात, कोझीची मात्र एका सरळ रेषेवर बसतात. दोघांचेही बनावट कागद आज ‘स्प्रिंग’ आणि ‘कोझी’ म्हणूनच जमवले जातात, त्यांना ठरलेले भाव आहेत. 1990 च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका दिवंगत वकिलाच्या मुलाने केनेडी यांची तथाकथित गुप्त पत्रे विकून गुंतवणूकदारांकडून लाखो डॉलर उकळले. 1960 च्या दशकाच्या आरंभीच्या म्हणून दाखवलेल्या कागदांवर पिनकोडसारखा ‘झिप कोड’ होता, जो 1963 मध्ये सुरू झाला. 1999 मध्ये त्याला शिक्षा झाली.

बनावट नसलेली पण फसवणारी आणखी एक जात आहे, छापील प्रतिकृतींची. युद्धात मुलगे गमावलेल्या श्रीमती बिक्सबी यांना 1864 मध्ये गेलेले लिंकन यांचे सांत्वनपत्र हे त्यातले ठळक. मूळ पत्र हरवलेले आहे, प्रतिकृती मात्र घरोघरी चौकटीत लागल्या, आणि ‘आमच्याकडे मूळ पत्र आहे’ असे सांगणारे वारस व्यापाऱ्यांकडे येत राहतात. भिंगाखाली शाईचा उठाव नाही, पिसाच्या लेखणीने किंवा निबाने कागदावर पाडलेली चर नाही, एवढे पाहिले की प्रश्न मिटतो.

हे कागद मुळात बाजारात आले कसे, याचे उत्तर कायद्यात आहे. जवळजवळ दोनशे वर्षे राष्ट्राध्यक्षांचे दप्तर ही त्यांची खासगी मालमत्ता मानली जाई. वारसांनी ते ठेवले, वाटले, विकले किंवा जाळले. निक्सन यांना पद सोडायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणानंतर, 1978 च्या कायद्याने, रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीपासून, ही कागदपत्रे देशाच्या मालकीची ठरली. परिणामी अलीकडच्या राष्ट्राध्यक्षांची छायाचित्रे, पुस्तके आणि खासगी पत्रे विपुल मिळतात, पण पदावरचा सरकारी कागद दिसला तर आधी संशय घ्यावा लागतो. जुन्या कागदांनाही मालकीचा इतिहास विचारला जातो. 2011 मध्ये बाल्टिमोरच्या एका संग्रहालयात राष्ट्राध्यक्षीय वस्तूंचा नामवंत संग्राहक दस्तऐवज लंपास करताना पकडला गेला. त्याच्या घरात हजारो कागद सापडले, त्यांत फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी बोलताना हाती धरलेल्या भाषणप्रतीही होत्या. त्याच वर्षी राष्ट्रीय अभिलेखागाराने जाहीर केले की लिंकन यांच्या एका माफीनाम्यावरची तारीख कोणीतरी बदलली आहे. 14 एप्रिल 1864 मधल्या चाराचा पाच केला होता. लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली ती 14 एप्रिल 1865 रोजी. एका आकड्याने सामान्य माफीनामा त्यांच्या अखेरच्या दिवसाचा ऐवज बनला होता, आणि कित्येक अभ्यासकांनी तो तसा उद्धृतही केला होता. आता मोठी लिलावगृहे कागदाच्या मागच्या विक्रीपावत्या, जुन्या सूच्यांतले वर्णन आणि ग्रंथालयांचे शिक्के खोडल्याच्या खुणा तपासल्याशिवाय तो लिलावाला ठेवत नाहीत.