क्वेसन-सॅकी ‘पहिले आफ्रिकी अध्यक्ष’ नव्हते

घानाचे अॅलेक्स क्वेसन-सॅकी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे पहिले आफ्रिकी अध्यक्ष, असं वाक्य सामान्यज्ञानाच्या याद्यांतून वर्षानुवर्षं फिरतंय. ते चूक आहे. तो मान ट्युनिशियाच्या मोंगी स्लिम यांचा, १९६१ सालचा. क्वेसन-सॅकी अध्यक्ष झाले डिसेंबर १९६४ मध्ये. ते पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी अध्यक्ष होते. याद्या करणाऱ्यांना ट्युनिशिया आफ्रिकेत आहे याचाच बहुधा विसर पडतो.

दुसरा समज असा, की ते बिनविरोध निवडून आले म्हणजे जग त्यांच्यामागे एकदिलानं उभं होतं. त्यांना मान होता, यात शंका नाही. पण त्या अधिवेशनात मतदानच टाळायचं ठरलं होतं. सुएझ आणि काँगोतल्या शांतिसेनेचा खर्च द्यायला सोव्हिएत संघानं नकार दिला होता, फ्रान्सनं काँगोचा. सनदेच्या कलम १९ नुसार दोन वर्षांच्या वर्गणीइतकी थकबाकी झाली की आमसभेतलं मत जातं. मतदान घेतलं असतं तर थकबाकीदारांचं मत मोजायचं की नाही, हा वाद पेटला असता. म्हणून ‘कुणाची हरकत नाही ना?’ एवढ्यावर कामकाज रेटलं गेलं. सुरक्षा परिषदेच्या अस्थायी जागाही सल्लामसलतीनंच भरल्या. फेब्रुवारी १९६५ मध्ये अल्बानियानं मतदानाचा हट्ट धरला, तेव्हा अध्यक्षांची खरी कसोटी लागली.

त्याच वर्षी ते घानाचे परराष्ट्रमंत्री झाले; फेब्रुवारी १९६६ च्या लष्करी उठावात घानाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांची सत्ता गेली आणि त्यासोबत क्वेसन-सॅकी यांचं हे पदही गेलं.