मूळ दप्तर, नक्कल आणि एमआरएनए लस

मे 2024 मध्ये कोविशिल्ड आणि रक्ताच्या गुठळ्यांची बातमी मोबाईलवर फिरू लागली, तेव्हा परभणीकडच्या माझ्या मामांचा फोन आला. “आपल्याला त्या एमआरएनएचं इंजेक्शन दिलं म्हणं. रक्तातच राहतंय का रं ते?” मामांचे दोन्ही डोस कोविशिल्डचे. मराठवाड्यात बहुतेकांच्या दंडात गेली ती कोविशिल्ड, नाहीतर कोव्हॅक्सिन. पहिलीत चिंपांझीच्या सर्दीचा, वाढू न शकणारा विषाणू वाहन म्हणून वापरलाय. दुसरीत मारलेला कोरोना विषाणू आहे. दोन्ही एमआरएनए लशी नव्हेत. एमआरएनएच्या म्हणजे फायझर-मॉडर्नाच्या लशी, त्या आपल्या सरकारी मोहिमेत आल्याच नाहीत. भीती मात्र त्यांच्याच नावानं गावोगाव पोचली, म्हणून ही मागची हकीकत.

मामांना मी सातबाऱ्यावरून सांगितलं. मूळ दप्तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कुलपात असतं, कामापुरती नक्कल बाहेर मिळते. पेशीच्या केंद्रकातला डीएनए म्हणजे ते दप्तर. एमआरएनए म्हणजे नक्कल. तिच्यावर वाचून पेशी प्रथिन घडवते आणि काम झालं की नक्कल फाडून टाकते. असं आपल्या शरीरात क्षणोक्षणी चालू असतं. लशीत बाहेरून आणलेली एक नक्कल असते, कोरोनाच्या अंगावरच्या काट्याची. थोडे दिवस आपल्या पेशी तो काटा घडवतात, प्रतिकारशक्ती त्याची ओळख धरून ठेवते, नक्कल मोडून जाते. त्या नकलेवरून मूळ दप्तरात फेरफार होत नाही, कारण ती केंद्रकात शिरत नाही आणि तिच्यावरून उलटा डीएनए लिहिणारं विकर (एन्झाइम) लशीत घातलेलं नसतं. फेरफार हा शब्द ऐकल्यावर मामांना ते लगेच उमगलं.

एमआरएनएचा शोध 1961 चा. 1990 मध्ये ते उंदराच्या स्नायूत टोचलं आणि तिथं खरोखर प्रथिन तयार झालं. पुढं मात्र गाडी अडली. बाहेरची नक्कल दिसली की शरीर खवळायचं, सूज यायची. हंगेरीतून अमेरिकेत गेलेल्या कातालिन कारिको पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात याच कोड्याच्या मागे होत्या. अनुदान मिळेना, 1995 मध्ये त्यांना खालच्या पदावर ढकललं. त्यांनी काम सोडलं नाही. पुढं झेरॉक्स मशीनपाशी ड्रू वाइसमन यांची गाठ पडली आणि 2005 मध्ये दोघांनी तोड काढली: युरिडिन या घटकाच्या जागी त्याचंच किंचित बदललेलं रूप, स्यूडोयुरिडिन, घालायचं. शरीर शांत राहिलं. 2023 चं नोबेल त्याच कामाचं. नाजूक एमआरएनए पेशीपर्यंत पोचवणारे चरबीचे सूक्ष्म थेंबही आयत्या वेळी निघाले नाहीत. तसे थेंब वापरणारं पहिलं औषध 2018 मध्येच मंजूर झालं होतं. म्हणून “लस घाईत बनवली” असं लोक म्हणतात ते मला पटत नाही. जानेवारी 2020 मध्ये विषाणूची जनुकीय माहिती जाहीर झाली, 16 मार्चला पहिल्या स्वयंसेवकाला मॉडर्नाची लस टोचली, कारण बाकीची तयारी आधीच झालेली होती.

आता सुरक्षिततेचं. लशीची चाचणी टप्प्याटप्प्यानं होते: आधी प्राणी, मग मोजकी माणसं, मग शेकडो, मग हजारो. फायझरच्या तिसऱ्या टप्प्यात सुमारे 44 हजार लोक होते. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे टोचून घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. ताप, दंडदुखी, थकवा यांची रोजची नोंद व्हायची आणि कंपनीबाहेरच्या तज्ज्ञांचं मंडळ आकडे तपासायचं. तरी लाखात एखाद्याला होणारा त्रास 44 हजारांत दिसेलच असं नाही. तो मंजुरीनंतरच्या नजरेत सापडतो. डिसेंबर 2020 मध्ये ब्रिटनमध्ये लसीकरण सुरू होताच तीव्र ॲलर्जीच्या घटना पुढं आल्या. 2021 मध्ये इस्रायल आणि अमेरिकेत हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचं दिसलं, मुख्यतः तरुण मुलग्यांमध्ये आणि दुसऱ्या डोसनंतर. बहुतेक बरे झाले. काही देशांनी दोन डोसांतलं अंतर वाढवलं. हे दडवलं गेलं नाही, मोजून छापलं गेलं, आणि माझा विश्वास बसतो तो त्यामुळं. आपल्याकडं डोसनंतर अर्धा तास बाकावर बसवून ठेवायचे, तेही अशा तीव्र ॲलर्जीवर लगेच उपचार करता यावेत म्हणून.

फायझरच्या लशीला सुरुवातीला उणे 70 अंशांच्या आसपासची थंडी लागायची. एप्रिलच्या चाळीस अंशांत, वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या हिंगोली-बीडच्या खेड्यांत ती सांभाळणं अवघडच होतं. जून 2022 मध्ये भारताची पहिली एमआरएनए लस मंजूर झाली, पुण्याच्या जेनोव्हाची. तिच्या तिसऱ्या टप्प्यात 4000 लोक होते. ती भुकटीच्या रूपात असते आणि 2 ते 8 अंशांत टिकते. मामांच्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला आयएलआर फ्रिज, म्हणजे लशी ठेवायचा बर्फाच्या अस्तराचा फ्रिज, याच तापमानावर चालतो. सिस्टर सकाळ-संध्याकाळ त्यातला थर्मामीटर बघतात आणि झाकणावर चिकटवलेल्या तक्त्यात आकडा लिहून सही करतात.