अवटु-अल्पक्रियता : उपचार व तज्ज्ञ

मानेच्या पुढील भागातील अवटू (थायरॉइड) ग्रंथीतून हॉर्मोन कमी स्रवल्याने उद्भवणारी अवस्था. बोलण्यात ‘मला थायरॉइड आहे’ एवढेच म्हणतात. थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे ही लक्षणे परिचित आहेत.

सुश्रुतसंहितेत गलगंडाचे (गळ्यावरील सुजेचे) वर्णन आहे. त्यावरून अल्पक्रियताही प्राचीनांना ठाऊक होती असे मानणे धाडसाचे वाटते, कारण गलगंड असूनही ग्रंथीचे कार्य पुष्कळदा सुरळीत असते.

पहिल्या यशस्वी उपचाराचे श्रेय सहसा न्यूकॅसलचे जॉर्ज मरी यांना देतात. त्यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या अवटू ग्रंथीचा ग्लिसरिनमधील अर्क एका ४६ वर्षांच्या रुग्णेला टोचला. ती पुढे सुमारे २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, अशी नोंद मरी यांनीच केली आहे. तथापि १८९० मध्ये लिस्बन येथे बेटनकूर्ट व सेरानो यांनी मेंढीची ग्रंथी रुग्णेच्या त्वचेखाली बसवली होती. सुधारणा दुसऱ्याच दिवशी दिसली, म्हणजे कलम रुजण्याआधीच. तेव्हा गुण आला तो ग्रंथीतून शोषल्या गेलेल्या रसाने. हे पाहता कल्पनेचा अग्रमान लिस्बनला आणि व्यवहार्य पद्धतीचा मरी यांना देणे अधिक न्याय्य दिसते. १८९२ पासून ग्रंथी पोटातून देऊ लागले. केंडल यांनी १९१४ च्या नाताळात थायरॉक्सिन, म्हणजे या ग्रंथीचे मुख्य हॉर्मोन, वेगळे केले. हॅरिंग्टन व बार्जर यांनी १९२७ मध्ये त्याचे संश्लेषण केले.

आजचा उपचार म्हणजे लेव्होथायरॉक्सिनची (कृत्रिम थायरॉक्सिनची) गोळी. ग्रंथी जवळजवळ निकामी असल्यास प्रौढांना दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागते. वृद्ध व हृदयरुग्णांत सुरुवात कमी मात्रेने करतात. गोळी उपाशीपोटी घेतात. ही गोळी आणि लोह वा कॅल्शियमच्या गोळ्या यांत चार तासांचे अंतर हवे. मात्रा बदलल्यावर टीएसएच (अवटूला चालना देणारे, पोषग्रंथीतून म्हणजे पिट्युटरीतून येणारे हॉर्मोन; अवटू कमी पडली की ते वाढते) ६ ते ८ आठवड्यांनी तपासतात. त्याआधीची तपासणी बहुधा फसवी ठरते, कारण थायरॉक्सिनचे अर्धायुष्यच (रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ) सुमारे सात दिवसांचे आहे. शरीर थायरॉक्सिनपासून टी-३ हे अधिक प्रभावी हॉर्मोन तयार करते, हे १९७० मध्ये मानवांत दाखवले गेले आणि एकट्या थायरॉक्सिनचा पक्ष बळावला. गोळी घेऊनही अस्वस्थ राहणाऱ्या काहींना टी-३ जोडून द्यावे का, यावर मतभेद आहेत. युरोपीय थायरॉइड संघटनेने २०१२ मध्ये मर्यादित प्रयोगास वाव ठेवला; अमेरिकी थायरॉइड संघटना २०१४ मध्ये नेहमीच्या वापरासाठी एकट्या थायरॉक्सिनवरच थांबली. तूर्त दुसरी भूमिका सावध म्हणून ग्राह्य वाटते.

बहुतेकांना फॅमिली डॉक्टर पुरतात. गर्भारपण, लहान मूल, पोषग्रंथीचा विकार किंवा मात्रा वाढवूनही न उतरणारे टीएसएच असल्यास एंडोक्रायनोलॉजिस्टकडे (हॉर्मोनविकारांच्या तज्ज्ञाकडे) जावे. भारतात हा सहसा एम.डी. नंतर डी.एम. केलेला तज्ज्ञ असतो. मानेत गाठ असल्यास सोनोग्राफीही लागते. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असल्यास रक्त देण्यापूर्वी तसे सांगावे; त्यांनी अहवालातील आकडे बिघडतात.