चिनी मातीपासून झिओलाइट ४ए : माल कसा बनतो, कसा पारखावा

आमच्या झिओलाइटला, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बारीक छिद्रांच्या स्फटिकी मालाला, किंचित पिवळट झाक असते. ते आम्ही कच्छच्या चिनी मातीपासून बनवतो आणि मातीतल्या थोड्या लोहामुळे हा रंग येतो. पाणी शोषण्यात त्याने काही फरक पडत नाही.

चिनी मातीच का, तर तिच्यातल्या केओलिनाइट या मुख्य खनिजात सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमचे अणू एकास एक असतात आणि झिओलाइटच्या ४ए या प्रकाराला नेमके हेच प्रमाण लागते. पण कच्ची माती कॉस्टिक सोड्यात टाकून भागत नाही. आधी धुऊन वाळू काढायची, मग भट्टीत ६५० ते ७०० अंश सेल्सिअसला भाजायची. तेव्हा केओलिनाइटमधले पाणी निघून वजन सुमारे १४ टक्क्यांनी घटते आणि थरांची घडण मोडते. भट्टी ९५० च्या पुढे गेली तर मात्र माती मुलाइट या टणक खनिजाच्या वाटेला लागते आणि सोड्याला दाद देत नाही. भाजलेली माती ९० अंशांच्या आसपास कॉस्टिकमध्ये काही तास ठेवली की ४ए चे घनाकृती स्फटिक धरतात. जास्त वेळ राहिली तर ४ए चे सोडालाइट हे दुसरे खनिज होऊ लागते; त्याची छिद्रे फारच बारीक, आपल्या कामाची नाहीत.

प्रत्येक लॉटसोबत एक्स-रे डिफ्रॅक्शनचा, म्हणजे स्फटिकांवरून क्ष-किरण कोणत्या कोनांत वळतात हे दाखवणारा, आलेख देतो. त्यात ७.२, १०.२ आणि २४ अंशांजवळ ठळक शिखरे हवीत. २६.६ ला शिखर दिसले तर ती मातीत राहिलेली वाळू.

बरेच ग्राहक बीईटी पृष्ठफळाचा, म्हणजे वायू शोषवून मोजलेल्या छिद्रांसकट पृष्ठभागाचा, आकडा मागतात. ४ए साठी तो मागू नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती चाचणी उणे १९६ अंशांना नायट्रोजन वापरून होते. ४ए ची छिद्रे जेमतेम ०.४ नॅनोमीटरची, इतक्या थंडीत नायट्रोजन आत सरकतच नाही, त्यामुळे उत्तम मालाचाही आकडा नगण्य येतो. त्याऐवजी पाण्याचे शोषण मोजा. थोडी पावडर ३५० अंशांना दोन तास तापवा, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करून वजन करा. मग मिठाच्या संपृक्त द्रावणावर बंद डब्यात रात्रभर उघडी ठेवा आणि पुन्हा वजन करा. वाढ २० टक्क्यांहून जास्त हवी. गोळ्यांत बांधणीची माती असते, म्हणून त्यांची थोडी कमी भरते.

कोरडा माल ओल्या हाताने घेऊ नका, पाणी शोषताना तो चटका बसण्याइतका तापतो. आम्लयुक्त पाण्यात वापरू नका, स्फटिकांची रचनाच ढासळते. अल्कोहोल सुकवायचे असेल तर ४ए नको, त्याहून बारीक छिद्रांचे ३ए मागवा : त्याच्या छिद्रांतून पाणी आत जाते, अल्कोहोल बाहेरच राहते.